पेरतो आपण, विकतो आपण आणि गोळ्याही आपणच घेतो : सोयाबीन, दही आणि पोटातले जिवाणू

डवऱ्यामागची

आमच्या मोठ्या जाऊबाईंना गेलं वर्षभर रात्री दोन-तीनदा अंगाचा भडका उठतो. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. मे महिन्यात आमच्या वाशीम-अकोला पट्ट्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा हा भडका उन्हाचा की अंगातला, हे त्यांनाही कळेना. दिवाळीनंतर थंडी पडली आणि तरीही त्या गोधडी फेकून ओसरीत येऊन बसायला लागल्या, तेव्हा कळलं.

तालुक्याच्या गावी दवाखान्यात गोळ्या लिहून मिळाल्या. महिन्याचे साडेआठशे. मी डबी फिरवून वाचली तर ‘सोया आयसोफ्लेव्होन’. त्याच ओसरीत सोयाबीनची बावीस पोती भाव वाढायची वाट पाहत थप्पीला लागलेली. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आणि आमच्याकडे व्यापारी बोलणार त्याच्या खालीच. जाऊबाईंनी एकदा डबीकडे पाहिलं, एकदा पोत्यांकडे.

“म्हंजे हे तेच हाय काय?”

तेच आहे आणि तेच नाही. हे त्यांना समजावून सांगायला मला तीन संध्याकाळी लागल्या. लग्नाआधी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं होतं, आता बारा एकर शेत आणि एक बचत गट आहे. त्यामुळे सांगताना एक पाय प्रयोगशाळेत आणि एक धुऱ्यावर असणार, चालवून घ्या.

सुरुवात शेतातूनच करते. पेरणीच्या सकाळी आपण बियाण्याला काळसर भुकटी चोळतो ना, रायझोबियमचं पाकीट, त्यातला जिवाणू म्हणजे ब्रॅडीरायझोबियम. तो जमिनीत नुसता पडून असतो. त्याला मुळाचा पत्ता कसा लागतो? मूळच त्याला हाक मारतं. सोयाबीनचं मूळ जमिनीत जेनिस्टीन आणि डाइडझीन नावाची द्रव्यं सोडतं. ती लागताच जिवाणू जागा होतो, उलट निरोप म्हणून स्वतःचं एक द्रव्य सोडतो, मुळाचा केस वाकडा होऊन त्याला आत घेतो आणि गाठ बनते. ऑगस्टमध्ये एक झाड उपटा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ती हवेतला नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसती जागा अडवून बसलीय.

आता गंमत बघा. जेनिस्टीन आणि डाइडझीन हीच ती आयसोफ्लेव्होन. डबीवर ज्यांचं नाव आहे, ती झाडाची जिवाणूंना मारलेली हाक आहे. दाण्यातही ती असतात, १०० ग्रॅम वाळल्या दाण्यांत साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम, वाणाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे कमीजास्त. बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेनशी त्यांचा तोंडावळा जुळतो, म्हणून त्याच कुलपात ती थोडीफार फिरतात. इस्ट्रोजेनच्या मानाने फार कमजोर, पण फिरतात.

पण दाण्यात ती मोकळी नसतात. बहुतेकांच्या पाठीला साखरेचा एक रेणू शिवलेला असतो. अशी साखर लागलेली द्रव्यं आतड्याच्या भिंतीतून सहसा आत जात नाहीत, आधी ती शिवण उसवावी लागते. पोत्याची शिवण बरोबर टोक धरून ओढली तर सर्रकन सुटते, चुकीचं टोक धरलं तर गाठ बसते, हे मळणीच्या दिवसांत सगळ्यांना ठाऊक असतं. इथे बरोबर टोक धरणारं विकर (एन्झाइम) म्हणजे बीटा-ग्लुकोसिडेज. ते लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम यांच्या बऱ्याच जातींकडे असतं. म्हणून सोयाबीनचं दूध अशा जिवाणूंनी विरजलं की साखर भांड्यातच सुटायला लागते आणि मोकळी झालेली द्रव्यं पोटात जातात.

हा झाला पहिला टप्पा. दुसरा टप्पा कुठल्याच भांड्यात होत नाही, तो मोठ्या आतड्यात होतो. तिथले काही मोजके जिवाणू मोकळ्या झालेल्या डाइडझीनचं आणखी रूपांतर करून इक्वॉल नावाचं द्रव्य बनवतात. ते डाइडझीनपेक्षा जास्त जोरकस आहे आणि रक्तात जास्त वेळ टिकतं. नाव घोडीवरून पडलंय. १९३२ साली ते पहिल्यांदा गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळं काढलं, माणसाच्या मूत्रात सापडायला १९८२ उजाडलं. आणि खरी मेख अशी की इक्वॉल बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. जपान, कोरिया, चीनमध्ये साधारण ५० ते ६० टक्के माणसं ते बनवतात, पाश्चात्त्य देशांत २५ ते ३०. म्हणजे एकाच पातेल्यातलं दही दोघी जावांनी खाल्लं, तरी एकीच्या रक्तात इक्वॉल जाईल आणि दुसरीच्या जाणारही नाही.

हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, “मंग माह्या पोटात हाय का नाई ते सांग.” ते मला सांगता आलं नाही.

---

कुटारवाला

ताई, चांगलं समजावलं. पन मले एक सांगा, आपन तर सोयाबीनचंच तेल खातो बारा महिने. मंग त्यातून नाई भेटत काय हे? आन दुसरं, पारावर लय चर्चा होते का सोयाबीन खाल्लं का गडी मानूस बायकी होते. आमच्या पोट्ट्याले जिमवाल्यानं वड्या खायले सांगितल्या, त्याच्या आजीनं डब्बाच लपवून ठेवला.

---

डवऱ्यामागची

भाऊ, तेलात जवळपास काहीच येत नाही. ही द्रव्यं तेलात उतरत नाहीत, ती ढेपेतच राहतात. म्हणजे आपण गाळप होऊन आलेलं तेल खातो आणि कामाचा भाग कोंबड्यांना जातो. तेल काढलेल्या पिठाच्या वड्यांत मात्र ती असतात.

बायकी होण्याचं म्हणाल, तर पुरुषांवर झालेले प्रयोग एकत्र करून २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली तपासले गेले. सोयाने टेस्टोस्टेरॉन कमी झालं नाही आणि इस्ट्रोजेनही वाढलं नाही. आजीला म्हणावं, डबा काढा.

---

प्रयोगवही

धागा आवडला, पण तीन ठिकाणी खडा लागला, सांगतो. (मी नागपूरला जीवरसायन शिकवतो, खोडी काढायची सवय आहे.)

शिवण उसवण्याचं काम फक्त जिवाणूच करतात असं नाही. आपल्याच लहान आतड्याच्या भिंतीवर दुधातली साखर पचवणारं जे विकर आहे, तेही यातली काही साखर तोडतं. भिजवलेल्या दाण्यात दाण्याचं स्वतःचंही बीटा-ग्लुकोसिडेज असतं, कोमट पाण्यात ते कामाला लागतं. जिवाणूंचा वाटा मोठा आहे, पण एकट्याचा नाही.

दुसरं म्हणजे घरचं विरजण. त्यात कोणते जिवाणू आहेत हे कोण सांगणार? दह्यातल्या सगळ्या जातींना हे विकर सारखं नसतं. एकाच जातीच्या दोन वाणांतही फरक पडतो, जसं जेएस ३३५ आणि फुले संगम दोन्ही सोयाबीनच, पण एकाच्या शेंगा दुसऱ्यासारख्या नसतात. ‘प्रोबायोटिक’ हा शब्दही जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची २००१ ची व्याख्या अशी की जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा व्हायला हवा. घरचं दही उत्तम, पण ते या व्याख्येत बसतं असं आपोआप म्हणता येत नाही.

तिसरी दुरुस्ती नाही, भर आहे. इक्वॉल जिवाणूच बनवतात हे कशावरून? जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना सोया दिलं तर त्यांच्या मूत्रात इक्वॉल येत नाही. सोयाच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांतही पहिले काही महिने ते दिसत नाही, कारण त्यांच्या पोटात ती वस्ती अजून बसलेली नसते. जे जिवाणू हे काम करताना पकडले गेले त्यांची नावं स्लॅकिया, अ‍ॅडलरक्रॉइट्झिया अशी जिभेला पीळ देणारी आहेत. ते दह्यातले नव्हेत, हे मात्र तुम्ही बरोबर वेगळं ठेवलंत.

---

डवऱ्यामागची

खडे मान्य, सर. आतड्यातलं विकर मी सोपं करण्याच्या नादात गाळलं. विरजणाचंही मान्य, मी एका विरजणाबद्दल बोलले आणि ऐकणाऱ्याला सगळ्या विरजणांबद्दल वाटलं असेल.

---

निळी_गोधडी

वाचतेय. मला शास्त्रापेक्षा दह्याची कृती हवीय. मी एकदा केलं होतं, घरभर कच्च्या शेंगेचा वास. सासऱ्यांनी विचारलं, गोठ्यात काही मेलं का.

---

डवऱ्यामागची

निळीताई, माझी पहिली दोन पातेली अशीच गेली. गटातल्या बायकांसमोर, म्हणजे जरा जास्तच गेली.

तो वास दाण्यात आधीपासून नसतो. दाणा फुटला, पाणी आणि हवा लागली की लायपॉक्सिजनेज नावाचं विकर तेलावर काम करून तो तयार करतं. मी थंड पाण्यात वाटत होते, म्हणजे त्याला आयतं रान मिळत होतं. आता असं करते. दाणे रात्री भिजवायचे. सकाळी चोळून फोलपटं पाण्यावर काढून टाकायची. मग दाणे उकळत्या पाण्यात टाकून चांगले शिजवायचे आणि गरम पाण्यातच वाटायचे, थंड पाण्याचा हातही लावायचा नाही. गाळायचं आणि ते दूध पुन्हा वीस मिनिटं ढवळत उकळायचं, नाहीतर बुडाला लागतं. ही उकळी टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं ट्रिप्सिनरोधक असतं, ते उष्णतेने मोडतं. पाव किलो दाण्यांना साधारण दोन लिटर पाणी घेते.

दुसरं पातेलं का गेलं, तर विरजण घातलं आणि रात्रभर तसंच पाणी राहिलं. सोयाच्या दुधात लॅक्टोज, म्हणजे गाई-म्हशीच्या दुधातली साखर, नसतं. त्यातल्या साखरेचा बराच भाग म्हणजे रॅफिनोज आणि स्टॅकिओज, ज्यांच्यामुळे सोयाबीन खाल्लं की पोट फुगतं. आपल्या विरजणातल्या पोरांना ती नीट खाता येत नाही, त्यांनी जेवायचं काय? आता कोमट दुधात लिटरला एक चमचा साखर घालते, मग विरजण, अंगठ्याएवढं नाही, चांगलं दोन चमचे. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं. जानेवारीत पातेलं गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवते.

कवडी दह्याची अपेक्षा ठेवू नका. खरवसाच्या आणि पनीरच्या मधलं काहीतरी लागतं. जिऱ्याची फोडणी आणि भाजल्या मिरचीचा ठेचा घातला की आमच्याकडे विचारत नाहीत. चोथा ज्वारीच्या थालीपिठात जातो.

---

संत्रासाल

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून घाईघाईने लिहितो. पेरणीतून उरलेलं पिशवीतलं बियाणं खायला घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, रंग दिलेला असतो तो त्यासाठीच. कितीही धुतलं तरी नाही. आमच्या शेजारी एकाने ‘धुऊन काय होते’ म्हणत भिजत घातलं होतं, बायकोने लाल पाणी पाहून फेकलं म्हणून वाचले. खायला थ्रेशरचं, घरचं, चाळलेलं घ्या.

---

डवऱ्यामागची

शंभर वेळा बरोबर. मूळ लेखात हे पहिलं यायला हवं होतं.

आणि यावरून आठवलं. बीजप्रक्रियेचा क्रम आपल्याला पाठ असतो, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू, तोही सावलीत आणि लगेच पेरायचं. उलटं केलं तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया. बियाण्याच्या बाबतीत हे कळणारे आपण, सर्दी झाली की दुकानातून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या तोंडात टाकतो. अँटिबायोटिकने आतड्यातली ही वस्ती मोडते, इक्वॉल बनवणंही मंदावतं किंवा थांबतं. शेतातल्या जिवाणूला सावली आणि पोटातल्याला ऊन.

---

सीमेवरचा_बुलढाणी

सुट्टीवर आहे म्हणून लिहितोय. आमची पोस्टिंग आधी मणिपूरला आणि मग नागालँडला होती. मणिपूरमध्ये हावाइजार खाल्लं, उकडलेलं सोयाबीन पानात गुंडाळून उबेला ठेवतात, चार दिवसांत तार सुटते. नागालँडात त्याच्यासारखंच अखुनी, डुकराच्या मटणात घालतात. पहिल्या दिवशी मेसमध्ये वास आला तेव्हा आम्ही वऱ्हाडातले तिघे जण ताट घेऊन बाहेर गेलो. तिसऱ्या महिन्यात वाढून मागत होतो. ते लोक सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या खातात. आपण इतकं पेरतो, पण पोहे-भजी सोडून याचा एक पदार्थ आपल्या आईला येत नाही. तिथे कोणते जिवाणू असतात?

---

प्रयोगवही

मुख्यतः बॅसिलस सबटिलिस, जपानच्या नट्टोतला भाऊबंद. सिक्कीमचं किनेमा, मेघालयाचं तुंगरिंबाई, मिझोरामचं बेकांग, सगळी एका कुळातली. हेही साखर तोडून आयसोफ्लेव्होन मोकळी करतात. पण हे उबेवरचं आंबवणं माहितगाराच्या हाताखालीच शिका. दही आंबट होतं म्हणून वाईट जंतूंना आवर बसतो, इथे आंबटपणा नसतो, उलट अमोनियाचा दर्प येतो. चुकलं तर कळत नाही.

---

आबाचा_नातू

मी जरा विरोधात बोलतो. सोयाबीन आमच्या लहानपणी नव्हतं, ऐंशी-नव्वदनंतर आलं, ज्वारी आणि मूग-उडीद खाऊन बसलं. आता भाव पडला तर ‘खा, गुणकारी आहे’ म्हणायचं? दुसरं, ऑस्ट्रेलियात मेंढ्या वांझ झाल्या होत्या ना याच्यामुळे? आमच्या गाई ढेप खातात.

---

डवऱ्यामागची

आबांच्या नातवा, भाव पडला म्हणून खा असं मी म्हटलं नाही. बावीस पोती आम्ही तिघं-चौघं खाऊन संपणार नाहीत, ती बाजारातच जाणार. ज्वारीबद्दल मात्र तुझ्या बाजूने आहे.

मेंढ्यांची गोष्ट खरी आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात झाली, पण सोयाबीनवर नाही, क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर. त्यातल्या एका द्रव्याचं मेंढीच्या पोटात डाइडझीन व्हायचं आणि मग इक्वॉल. त्या कळपांचं चरणं जवळजवळ त्याच चाऱ्यावर होतं. ढेपेची ओंजळ आणि नुसत्या क्लोव्हरचं कुरण यांत फरक आहे. तरी गाय उलटत असेल, म्हणजे गाभण राहत नसेल, तर डॉक्टरला दाखव, ढेपेवर खापर फोडून बसू नको.

हो, पण एक कबूल करते. जे द्रव्य तिथे नुकसान करून गेलं, त्याच्याचकडून इथे फायद्याची आशा धरतोय आपण. म्हणून मात्रेचं बोलायला हवं.

---

निळी_गोधडी

तेच विचारणार होते. मग भडक्याला फरक पडतो का नाही? मलाही पन्नाशी गाठलीय.

---

डवऱ्यामागची

२०१२ साली बऱ्याच चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला. रोज साधारण ३० ते ८० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, दीड महिन्यापासून वर्षभरापर्यंत घेतल्यावर भडके खोट्या गोळीपेक्षा (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले आणि त्यांचा जोर २६ टक्क्यांनी. लक्षात घे, खोट्या गोळीनेही बऱ्याच जणींना बरं वाटतं, हे त्याच्या वरचं आहे. दहा भडक्यांतले दोन. दुसरीकडे, उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली पुरावा तपासून सोया आणि इक्वॉल दोन्हींची शिफारस केली नाही. त्यामुळे ‘रामबाण’ म्हणणाऱ्याच्या हातातली डबी खाली ठेव.

आमच्या दह्याच्या एका वाटीत माझ्या अंदाजाने १५ मिलिग्रॅमच्या आसपास येत असतील. औषध म्हणून कमीच. जेवण म्हणून मात्र प्रथिनं आहेत, स्वस्त आहे, घरचं आहे.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाचं काही एकत्र घेऊ नका, गोळीचं शोषण अडतं, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा. स्तनाच्या कर्करोगाचं औषध चालू असेल तर गोळ्या, पावडरी डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोतच.

---

कुटारवाला

ताई, जाऊबाईचं काय झालं शेवटी?

---

डवऱ्यामागची

गोळ्यांची दुसरी डबी त्यांनी आणली नाही. दही खाऊन आज सात आठवडे झाले. भडके कमी झाले का विचारलं तर म्हणतात, “कधी येते, कधी नाई येत.” मी वहीत मांडा म्हटलं तर वहीत दुधाचा हिशोब लिहून ठेवला. आता थंडी ओसरतेय, म्हणजे पुन्हा ऊन आणि भडका यांची गल्लत होणार. त्यांच्या पोटात ते जिवाणू आहेत का, ते अजूनही माहीत नाही. पण रात्री ओसरीत बसायला लागलं तर आता मला उठवतात, एकट्या बसत नाहीत.

---

निळी_गोधडी

मी कारंज्याला राहते. तुझं विरजण मिळेल का थोडं? माझं परत पाणीच झालं.

---

डवऱ्यामागची

साखर घातलीस का? रविवारी बाजाराला येतेय, एसटी स्टँडवर अकराला. डबा रिकामा घेऊन ये, मी भरून दिलेला डबा परत येत नाही असा अनुभव आहे.